अक्काचे उपवास आणि माझं पथ्य

आमच्या घरात एक बाई जेवत नाही म्हणून लोक तिच्या पाया पडायचे आणि दुसरी बाई जेवत नाही म्हणून तिला नावं ठेवायचे. पहिली माझी थोरली जाऊ शकुंतला, म्हणजे आमची शकूअक्का. दुसरी मी. या अन्यायाबद्दल मी घरात कधी अवाक्षर काढलं नाही, कारण काढलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, जळते. आणि ते खरंच होतं. आजही थोडं खरं आहे.

अक्का लातुरात शिकवण्यांच्या गल्लीमागे मेस चालवायची. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी सगळ्या मराठवाड्यातून लातुरात येतात, खोल्या करून राहतात आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी हातचं खातात. अक्काच्या हातचं खायला नंबर लागायचा. अंगानं काटकुळी, उंचीला बेताची, पदर कमरेला असा करकचून खोचलेला की त्याची सुटायची हिंमत होऊ नये. भाकरी थापताना ती बोलायची नाही. बोललं की भाकरी रुसते आणि फुगत नाही, असं तिचं शास्त्र. मीठ बघायला ती चव कधीच घ्यायची नाही. पातेल्यावर वाकून वाफ हुंगायची आणि मग हात मिठाच्या बरणीकडे जायचा किंवा जायचा नाही. तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. याचासुद्धा मला राग यायचा, कारण मी तीनदा चव घेऊन अळणी आमटी करणारी बाई.

आणि ती स्वतः जेवायची नाही. कुणी ताट पुढे केलं की उजवा हात ताटावर आडवा धरायची आणि म्हणायची, "माझं आज हाय."

बस्स. एवढं म्हटलं की वाढणारा माणूस दोन पावलं मागे सरकायचा. कुणाचं आहे, कोणत्या देवाचं आहे, हे विचारायची सोय नव्हती. सांगितलं की फळ जातं म्हणायची. सोमवार, गुरुवार, शनिवार तर होतेच, त्यात चतुर्थी, एकादशी, प्रदोष. मधला एखादा बुधवार सुटला तर त्यालाही कुठलातरी देव सापडायचा. साधा नव्हे, निरंकार. आमच्याकडे उपवास म्हणजे बायकांची चैन असते. साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, रोजच्यापेक्षा दुप्पट खाणं. अक्का यातलं काही तोंडात घालायची नाही. दिवसभर लिंबूपाणी आणि संध्याकाळी उपवास सोडायला वाटीभर पेज, तीही भिंतीकडे तोंड करून. सासूबाई अक्काजवळच राहायच्या. एका एकादशीला त्यांनी स्वतः वाकून सुनेच्या पायाला हात लावला होता. मी समोर बसलेली होते. सासूनं सुनेच्या पाया पडलेलं तुम्ही कुठं बघितलंय का? मी बघितलंय, आणि ते मला विसरता येत नाही.

आता माझं ऐका. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून. चाळिशी ओलांडली आणि माझ्या पोटानं भलतंच सुरू केलं. दुपारचा डबा खाल्ला की तासाभरात पोट असं तट्ट फुगायचं की ऑफिसातल्या एका नव्या मुलीनं मला आपुलकीनं कितवा महिना म्हणून विचारलं. ढेकर, कळा, सकाळी संडासला पळापळ. डॉक्टरांनी साखरेचं पाणी पाजून एका नळीत थोड्या थोड्या वेळानं फुंकायला लावलं आणि निदान सांगितलं. लहान आतड्यात जिवाणू थोडेच असायला हवेत, तिथं त्यांनी वस्ती वाढवली आहे. म्हणजे आमच्या खात्याच्या भाषेत कालव्याच्या जागेवर अतिक्रमण. गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी सांगितलं, कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, तुरीचं वरण बंद, हरभरा बंद, दूध बंद, आंबा बंद. मराठवाड्यातल्या बाईच्या ताटातून लसूण आणि वरण काढलं की मागे काय उरतं ते मी सांगत बसत नाही.

ज्वारीची भाकरी उरली, दुधी उरला, भात उरला, अंडं उरलं. मी ते पथ्य मनापासून धरलं आणि मला बरंही वाटायला लागलं. पण घरात त्याची चेष्टा झाली. नवरा म्हणाला, दुधीचं पीक तुझ्यासाठीच काढतात. सासूबाई नांदेडला आल्या की माझ्या वेगळ्या पातेल्याकडे बघून नुसत्या नाक मुरडायच्या. अक्काचा उपवास म्हणजे पुण्याई आणि माझं पथ्य म्हणजे नखरा, असा घरचा कायदाच होता.

या कायद्याचा खरा अनुभव मला चुलत नणंदेच्या मुलीच्या बारशाला आला. अहमदपूरला पंगत बसली होती. मी वाढणाऱ्याला वरण नको म्हटलं तर त्यानं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, का बरं? मी म्हटलं, पोटाला चालत नाही. मग काय, आजूबाजूचे सगळे वैद्य झाले. एक म्हणाली हिंग लावून खा. दुसरी म्हणाली एवढ्याशा वरणानं काय होतंय. तिसरीनं माझा हात धरून बाजूला केला आणि पळीभर वरण भातावर ओतवलंच. माझ्या शेजारी अक्का. वाढणारा तिच्यापाशी आला, तिनं हात आडवा धरला, "माझं आज हाय" म्हणाली, आणि त्या माणसानं पळी खाली ठेवून नमस्कार केला. तिच्यासाठी पितळी तांब्यातून लिंबूपाणी आलं. परतीच्या एसटीत लोह्यापर्यंत मी पोट धरून खिडकीला डोकं टेकवून होते आणि मनात वरण ओतायला लावणाऱ्या बाईला नव्हे, अक्काला शिव्या देत होते.

मग मला वाटलं, हे अक्काला जमतं तर मला का जमू नये? पथ्यावर हसतात ना, मग मी उपवासच धरते. पुढच्या चतुर्थीला धरला. पण निरंकार करायची माझी ताकद नव्हती, म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे फराळ केला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हातानं. दुपारी अर्धापूरची केळी दुधात कुस्करून. वर रताळं. उपवासच तर आहे, पोटाला विश्रांतीच मिळणार, अशी माझी पक्की समजूत. आहारतज्ज्ञ मॅडमना नंतर हे सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून हसल्या. चार वाजता ऑफिसात मी खुर्चीवरून उठू शकत नव्हते.

तरी दुसऱ्या दिवशी अक्काला फोन केला, निदान उपवास धरला एवढी तरी बढाई मारावी म्हणून. तिनं आधी विचारलं, खाल्लंस काय? मी सांगितलं. ती म्हणाली, दुपारपर्यंत बरं वाटलं असेल, मग बेंबीच्या वर दगड ठेवल्यासारखं झालं असेल, आणि कूस बदलली की आत पाणी हलल्यासारखं. अगदी तसंच झालं होतं. मला वाटलं, ही माझ्या पोटातलंही माझ्यापेक्षा जास्त जाणते म्हणून मिरवते आहे. मी फोन ठेवून दिला.

पुढं उन्हाळ्यात खात्याचं प्रशिक्षण लातूरला निघालं आणि मी आठवडाभर अक्काकडे उतरले. परीक्षेचे दिवस, मेस भरलेली. एक दिवस सकाळी कंधारकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन मेस बघायला आले. तेल कोणतं, पाणी कसलं, भाज्या कुठून आणता, सगळी उलटतपासणी. तेवढ्यात कुणीतरी त्यांना चहा घ्यायचा आग्रह करताना अक्कालाही कप दिला. अक्कानं हात आडवा धरला, "माझं आज हाय" म्हणाली. त्या गृहस्थांनी चौकशी थांबवली, पायातली चप्पल बाजूला सारली आणि म्हणाले, झालं, आता काही विचारायचं नाही. पोरगं तिथंच ठेवून गेले. मी भाजी निवडत बसले होते. मनात म्हटलं, वा. मी उपाशी राहिले तर डॉक्टर रागावतात, ही उपाशी राहिली तर गिऱ्हाईक वाढतं.

त्याच दिवशी दुपारी प्रशिक्षण लवकर सुटलं. मी परत आले तर मेसमध्ये सामसूम. आतल्या खोलीत अक्का जमिनीवर पालथी पडलेली, पोटाखाली घट्ट गुंडाळलेली सतरंजी, ओठ दाताखाली. मला बघून ती उठायला गेली आणि उठता आलं नाही. मी तिच्याजवळ बसले. पाठीवर हात ठेवला तर मणके एकेक हाताला लागले. इतकी वर्षं मी त्या सडपातळ कमरेवर जळत आले होते.

कधीपासून आहे, विचारलं. ती म्हणाली, धाकट्याच्या बाळंतपणापासून. खाल्लं की दुखतं, नाही खाल्लं की थांबतं. मग खाणंच टाळलं. सुरुवातीला दुखतंय म्हणून सांगून बघितलं, तर सगळ्यांनी आग्रह करकरून खायला लावलं. एकदा चुकून उपवास आहे म्हटलं, तर कुणी बोललं नाही. मी म्हटलं, पण मला तरी सांगायचं, मी याच दुखण्यासाठी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते आहे. तेव्हा तिनं दाराकडे बघून घेतलं.

"सुमन, मेसवालीचंच पोट बिघडलंय म्हणल्यावर कोणाचे मायबाप पोरं ठेवतील गं? हे कुठं बोलू नको. या भाकऱ्यांवर घर चालायलंय."

अक्काच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, दुकान बसल्यापासून ते नुसता बाजार करायचे, हे मला ठाऊक होतं. मी बोलणार नाही म्हणाले. पण तिला नांदेडला माझ्या डॉक्टरांकडे आणायचंच, हे मी त्याच क्षणी ठरवलं. त्यात माया होती तशी थोडी खुमखुमीही होती. शेवटी एका बाबतीत तरी मी तिच्या पुढे होते.

लातुरात खरं सांगता येत नव्हतं. अक्का म्हणाली, माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाते म्हणून सांगू. मेसच्या पोरींनी पास होण्यासाठी नारळ दिले, एका आईनं देवीसाठी खण पाठवला, सासूबाईंनी देवीसाठी पैसे तिच्या पदराला गाठ मारून दिले. पिशवीभर नारळ घेऊन अक्का माझ्या दारात उतरली. तपासणीसाठी आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहायचं असतं. माझ्या तपासणीच्या वेळी मला चक्कर आली होती. अक्का म्हणाली, हे तर रोजचंच. नळीत तिनं अशी एकसारखी, लांब फुंकर मारली की तिथला तंत्रज्ञ म्हणाला, मावशी, असं फुंकणारं पेशंट आजवर बघितलं नाही. चुली फुंकून आयुष्य गेलं बाबा, अक्का म्हणाली. आणि निकाल आला तर तिचा आकडा माझ्यापेक्षा मोठा. दुखण्यातही ती थोरलीच निघाली.

डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. अक्काला म्हणाले, दोन जेवणांमध्ये मोकळा वेळ ठेवता हे चांगलं, त्या वेळात आतडं आपलं आपण झाडून घेतं. पण नुसत्या उपासानं हे जिवाणू मरत नाहीत. त्यांच्या आधी तुम्ही जाल. गोळ्या घ्या आणि जेवा, वजन वाढवा. अक्काची निम्मी का होईना स्तुती झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आणि तुम्ही अजून तेच पथ्य करताय? मी तर काही आठवड्यांचं म्हटलं होतं. मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत घ्यायचा होता, लसूणसुद्धा. पथ्य मोडायची भीती वाटत होती आणि उपवासाच्या तोडीचं काहीतरी आपल्याही हातात असावं असं वाटत होतं, हे डॉक्टरांना कसं सांगणार?

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, आता माहूरला जाऊ. मी म्हटलं, अक्का, ते सांगण्यापुरतं होतं. तिनं ऐकलं नाही. नारळ पोरींच्या नावाचे आहेत, ते न फोडता नेले तर पोरी नापास होतील. त्या अशक्त अंगानं ती गडाच्या पायऱ्या चढली, एकेका पोरीचं नाव घेऊन नारळ फोडले. परत येऊन माझ्या स्वयंपाकघरात तिनं पहिल्यांदा जेवण केलं. भाकरी, दुधी, भात. भिंतीकडे तोंड न करता. गोळ्या पिशवीच्या तळाशी घातल्या. पुढचे काही महिने ती अशीच "माहूरला" येत राहिली, माझ्याकडे जेवून, पथ्य शिकून जायची. लातुरात मात्र दिवसा हात ताटावर आडवाच. पेजेच्या वाटीत आता अंडं असायचं, तेवढाच फरक. डॉक्टर म्हणायचे, एवढ्यानं भागणार नाही, दोन्ही वेळचं जेवण हवं. ती म्हणायची, लोकांसमोर कसं बसू?

मेसमध्ये वर्षाच्या शेवटी अक्का गच्चीवर पोरांना जेवण घालायची. जाणाऱ्या पोरांचे आईबाप यायचे आणि पुढच्या वर्षासाठी जागा बघणारे नवेही यायचे. त्या वर्षी मीही गेले, नेहमीप्रमाणे माझा डबा घेऊन. मला पंगतीत बसवलं. समोर किनवटचे एक गृहस्थ मुलीसाठी जागा बघायला आलेले, त्यांच्याशी सासूबाई खुर्चीत बसून बोलत होत्या. मी डबा उघडला आणि सासूबाईंचं लक्ष गेलं.

"ही आमची धाकटी," त्या म्हणाल्या. "हिला हे चालत न्हाई, ते चालत न्हाई. आन् थोरली बघा, वाऱ्यावर जगती. काही शिक म्हणलं तिच्याकडून."

पंगत हसली. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते टाकलं असतं तर अक्काचे सगळे देव एका दमात पळाले असते आणि मेसही गेली असती. मी ते वाक्य गिळणार होते की टाकणार होते, हे मला अजून सांगता येत नाही, कारण तेवढ्यात वाढता वाढता अक्का थांबली. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"आई, तिला नका बोलू," ती म्हणाली. "जे तिला हाय तेच मला हाय. खाल्लं की पोट दुखायचं, म्हणून खात नव्हते. देवाला मी उगंच मधी घातलं."

अक्का किनवटच्या गृहस्थांकडे वळली. "तुमची पोरगी दुसरीकडं लावायची असली तर लावा. दुखणं माझ्या पोटाला हाय, हाताला न्हाई." मग ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, मला ताट वाढा. ते गृहस्थ उठले नाहीत, जेवून गेले, पण त्यांची मुलगी पुढं दुसऱ्या मेसला लागली. अजून काही पोरं गेली. बरीचशी राहिली. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत अक्कानं मेस चालवली, आता ती मुलाकडे बंगळूरला असते. पण मला ती दिसते ती त्या गच्चीवर, पुढ्यात भरलेलं ताट आणि हात मांडीवर.

तिनं पहिला घास घेतला आणि सगळी पंगत बघत राहिली. इतकी वर्षं अशाच पंगतींत मी माझी कोरडी भाकरी चावत आले, माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. सासूबाई खुर्चीतून उठल्या, भिंतीला धरून खाली बसल्या. अक्काच्या ताटातली भाकरी मोडून त्यांनी तुकडा तिच्या तोंडाशी नेला. "माझ्या डोळ्यांदेखत उपाशी राहिलीस गं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला त्या तुकड्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. पाया पडणं, नमस्कार, पितळी तांब्या, यातलं काहीच मला नको होतं. मला तो हात हवा होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या हातानं मला कधी भरवलं नव्हतं.

अक्कानं घास गिळला आणि सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "आता तिला."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. तो कोरडा द्यायला त्यांचं मन होईना. शेजारच्या ताटातली लाल, तेलात भिजलेली लसणाची चटणी त्यांनी त्याला नीट लावली आणि हात माझ्यासमोर धरला. डॉक्टरांनी लसूण सुरू करायला सांगून कितीतरी महिने झाले होते आणि मला एकदाही धीर झाला नव्हता. मी तोंड उघडलं.